विषय: रस ऑम्लेटचा रस घट्ट झाला

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी घरी रस ऑम्लेटचा बेत केला, आपल्या गोव्यातल्या गाड्यावर शागोतीचा (भाजल्या खोबऱ्याच्या मसाल्याची कोंबडी) रस ओतून देतात ते ऑम्लेट. खोबरं भाजलं, शागोतीचा मसाला वाटला, सगळं यथासांग. ताटलीत पडला तो मात्र ऑम्लेटवर चटणीचा लपका! नवरा 'बरं झालंय' म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. वर चौघांना सहा अंडी आणि अर्धी कोंबडी लागली. पणजीला कॉलेजात असताना महिनाअखेरीला हेच परवडायचं म्हणून गाड्यावर खायचो ना आम्ही? फोंड्याच्या काकू, आहात का?

— मस्कतहून, म्हापशाची लेक

*

अगो, आहे मी. सध्या दिवसभर पाऊस आणि लाईट नाही, म्हणून उशीर.

तुझं चुकलं कोंबडीपाशी. गाड्यावर ऑम्लेटवर ओततात तो शागोतीचा नुसता रस. फोडी सापडल्या तर नशीब. घरी तर कोंबडी नकोच. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, तेव्हा सुक्या पांढऱ्या वाटाण्याची शागोती होते. वाटीभर वाटाणे रात्री भिजवायचे, अर्धा नारळ, कांदा, धणे, खसखस, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, सुक्या मिरच्या, शेवटी जायफळ किसून. खोबरं तांबूस होऊन घरभर वास सुटेपर्यंत भाज, पण काळं करू नकोस, कडू होतं. मंगळवारी रात्री जे उरतं, त्याचं रस ऑम्लेट. मुद्दाम त्यासाठी मसाला वाटायला बसलीस तर ते स्वस्त कसं पडेल?

रात्रभरात रस घट्ट होतोच, खोबरं आणि वाटाणे पाणी पितात. उकळतं पाणी घाल (गार नको), एक उकळी काढ, मीठ शेवटी बघ. पळी वाकडी केली की धार पडली पाहिजे. गोळा पडला तर अजून पाणी.

चौघांना तीन अंडी पुरतात. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर अगदी बारीक चिरून घाल, दोन पातळ ऑम्लेटं कर, अर्धी-अर्धी वाढ. रसात शिजवू नकोस, चिवट होतात. ताटलीत ऑम्लेट, वरून ते बुडेल एवढा कढत रस, कच्चा कांदा, लिंबाची फोड. पोट भरायचं ते पावाने.

पाव म्हणशील तर मी उंडा, आपला गोल कडक पाव, घेते. त्याचं कवच टणक, रसात विरत नाही. पोई हा पाव कोंड्याचा, आत पोकळ. ती सुक्या भाजीला बरी. तिकडच्या कुबूसचा (अरबी रोटीचा) रसात गाळ होईल, कडक पाठीचा कुठलाही पाव बघ. शिळा असेल तर पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेव.

माझी आजेसासू पावाला शिवत नसे. पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजला की खिडकी लोटून घ्यायची. आणि सासूबाई मागच्या दाराने चार उंडे पदराखाली. म्हातारीला वास येत नसेल असं मला कधीच वाटलं नाही.

— फोंड्याची काकू

*

काकूंचा मान ठेवून सांगतो, वाटाण्याच्या रसाला मी रस ऑम्लेट म्हणणार नाही. 'वाटाण्यात बुडालेलं अंडं' म्हणा. कोंबडीची मान, पाठ, पंखांची टोकं शागोतीत टाका. इथे ती स्वस्तात मिळतात आणि रसाला तवंग येतो. बाकी पाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

— स्विंडनचा (इंग्लंड) काका

*

काकू, परवा केलं. वाटाण्याचंच. आधी एक पेला पाणी घातलं, भीत भीत, मग अजून एक. धार पडली! तीन अंड्यांत चौघं जेवलो, पाव मात्र दहा संपले. नवऱ्याने ताटली कलती करून उरलेला रस प्यायला, बोलला काहीच नाही.

काका, माना-पाठी पुढच्या आठवड्यात.

— मस्कत