तैपेईत चिनी शिकायला जात आहे : घर, जेवण आणि लिपी यांबद्दल सल्ला हवा

प्रश्न

नमस्कार. पुण्यात दोन वर्षे चिनी भाषेचे वर्ग केल्यानंतर येत्या सप्टेंबरपासून तैपेई येथील राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाच्या मंदारिन प्रशिक्षण केंद्रात तीन सत्रे, म्हणजे नऊ महिने, शिकायचे मी ठरवले आहे. ओळखीतून तीन भारतीय मुलींच्या घरात चौथी म्हणून जागा मिळत आहे. आईबाबांना तीच सुरक्षित वाटते. मला मात्र तिथे दिवसभर हिंदीच बोलली जाईल, अशी धास्ती आहे. खोली इथूनच पक्की करावी की तिथे जाऊन पाहावी? मी शाकाहारी आहे आणि आजवर फक्त सरलीकृत लिपी शिकले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

मी त्याच परिसरात दोन वर्षे राहिले आहे. तुमची धास्ती रास्त आहे आणि आईबाबांची काळजीही. म्हणून सुरुवातीचे तीन आठवडे त्या मुलींकडे राहा, पण करारावर सही करू नका. तेवढ्या अवधीत स्वतः फिरून खोली शोधा. मी छायाचित्रे पाहून भारतातूनच आगाऊ पैसे भरले होते आणि पोहोचल्यावर कळले, की ती खोली म्हणजे जुन्या इमारतीच्या गच्चीवर पत्रे घालून वाढवलेले बांधकाम आहे, जिथे सप्टेंबरातही दुपारी बसवत नसे. अशा स्वस्त खोल्या तैपेईत पुष्कळ आहेत.

जाहिरातीत ‘थाओफांग’ म्हणजे स्वतंत्र न्हाणीघराची खोली आणि ‘याफांग’ म्हणजे न्हाणीघर सामायिक असलेली खोली. माझे मत विचाराल तर स्थानिक मुलींबरोबरची याफांगच घ्या. न्हाणीघर कधी मोकळे होईल, दूध कोणी संपवले, पंखा कोण बंद करणार, असली वाक्ये वर्गात कोणी शिकवत नाही आणि नेमकी तीच रोज लागतात. स्वयंपाकाची मुभा आहे का आणि विजेचा दर युनिटला किती, हे आधी विचारा. दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घरमालकाला कायद्याने मागता येत नाही. करारावरचे वर्ष पाहून गोंधळू नका. इसवी सनातून १९११ वजा करून येणारे वर्ष तिथे लिहितात, म्हणजे २०२५ साठी ११४.

जुन्या इमारतींत कचरा दाराबाहेर ठेवून चालत नाही. आपल्या घंटागाडीसारखी गाडी ठरलेल्या वेळी संगीत वाजवत येते (बुधवारी आणि रविवारी येत नाही), आणि महापालिकेच्या विकतच्या पिशवीतूनच कचरा द्यावा लागतो. उरलेले अन्न वेगळ्या पिंपात जाते. गाडीची वाट पाहत सारी गल्ली पाच-दहा मिनिटे कोपऱ्यावर उभी असते. माझी पहिली खरी चिनी संभाषणे तिथेच झाली. शेजारच्या आजी माझे चुकलेले सूर (शब्दाचा अर्थ ठरवणारे आवाजाचे चढउतार) थांबवून दुरुस्त करीत आणि पुढच्या खेपेला तोच शब्द पुन्हा विचारीत. ही दहा मिनिटे चुकवू नका, एवढे मी तुम्हाला आग्रहाने सांगते.

जेवणाची चिंता सोडा. पुष्कळ शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असते, कारण तिथले शाकाहारी जेवण बौद्ध परंपरेतून आले आहे. अनेक ठिकाणी थाळीत हवे ते वाढून घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे, अशी पद्धत आहे. काटेकोर ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, मात्र अंडे असू शकते. पाकिटांवर अंडे आणि दूध यांचे वेगवेगळे प्रकार छापलेले असतात, ते वाचायला शिका.

दुसरा प्रतिसाद

मी मुंबईत चिनी शिकवतो, म्हणून केवळ लिपी आणि उच्चार यांबद्दल लिहितो. तैवानमध्ये सरलीकृत नव्हे, तर पारंपरिक लिपी वापरतात. ती वाचायला काही आठवड्यांत जमू लागते. हाताने लिहायला वेळ लागतो, तेव्हा आधी वाचनावर भर द्या. तैवानमधील मुले उच्चारांसाठी पिनयिनऐवजी (म्हणजे रोमन अक्षरांतील चिनी उच्चारलेखनाऐवजी) ‘बोपोमोफो’ ही ३७ चिन्हे शिकतात. ती नक्की शिका, कारण त्यांतील व्यंजने आपल्या वर्णमालेसारखी उच्चारस्थानानुसार लावलेली आहेत, फक्त आरंभ ओठांपासून होतो.

मराठी माणसाला एक मोठा लाभ आहे आणि तो आपण इंग्रजीमार्गे शिकताना गमावतो. पिनयिनमधील ‘बी’ आणि ‘पी’ म्हणजे ब आणि प नव्हेत. ते अल्पप्राण प आणि महाप्राण फ आहेत (दोन्ही ओठ मिटून उच्चारलेला फ). तसेच ‘डी’, ‘टी’ म्हणजे त, थ आणि ‘जी’, ‘के’ म्हणजे क, ख. ‘झेड’ने लिहिलेला वर्ण आपल्या ‘चाक’मधल्या च च्या जवळचा आहे, तर ‘जे’ने लिहिलेला ‘चहा’मधल्या च च्या जवळचा. इतर देशांतील विद्यार्थी ज्यावर महिनोन्‌महिने झगडतात, ते आपल्या जिभेवर आधीच आहे. सूर मात्र सगळ्यांना सारखेच कष्टाने शिकावे लागतात.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. तीन आठवड्यांची तोड आईबाबांनाही पटली. आजारपणासाठी काय तयारी ठेवावी?

पहिला प्रतिसाद देणारी

निवासपत्र मिळाल्यावर सहा महिने राहिल्याखेरीज तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा लागू होत नाही, आणि भाषा शिकणाऱ्यांना ते पत्र पहिल्याच दिवशी हाती येते असेही नाही. त्यामुळे संपूर्ण नऊ महिन्यांचा विमा इथूनच काढा. व्हिजा आणि कागदपत्रांच्या साक्षांकनाची चौकशी आताच सुरू करा. भारतात तैवानच्या दूतावासासारखे काम पाहणाऱ्या तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्राचे कार्यालय २०२४ पासून मुंबईतही आहे. हवा फार दमट असते, तेव्हा चामड्याच्या वस्तू नेऊ नका आणि खोली पाहताना कपाट उघडून बुरशीचा वास येतो का ते पाहा. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत. नवी खोली मिळाली, की तिचा पत्ता रस्ता, विभाग, गल्ली, बोळ, घरक्रमांक आणि मजला या क्रमाने चिनीत तोंडपाठ करा आणि तो एखाद्या शेजाऱ्याला म्हणून दाखवा. त्याला एकदा ऐकून कळला, तर दूरध्वनीवरही कळेल.