एसटीला सरकारने पैसे द्यायचे ते तिकिटाचे की फेरीचे?

मुक्कामी_गाडी
जून २०२५ मध्ये सरकारने एसटीची श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा १०,३२२ कोटी. दोन-चार दिवस बातम्या झाल्या, मग विषय मागे पडला. माझ्या मते तो दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जायला हवा, आणि समितीने एकच गोष्ट मुळापासून तपासावी: सरकार एसटीला पैसे देतं ते नेमके कशाचे?

आज त्यातला मोठा भाग सवलतींचा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही योजना मला मनापासून पटतात. आजी आधार कार्ड पुढे करतात, कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो, त्या ते घडी घालून कनवटीला लावतात. त्या शून्यामागची रक्कम सरकारने एसटीला भरून द्यायची असते. पण ते तिकीट निघायला आधी गाडी यावी लागते! फेरी बंद झाली की सवलत आपोआप बंद, आणि तेवढा सरकारचा खर्च वाचतो. म्हणजे जिथे गाडीच जात नाही त्या वाडीवर खर्च शून्य. म्हणून पैसे फेरीचे द्या, धावलेल्या किलोमीटरचे द्या.

हिशोबनीस
तळमळ पोचली, पण पटलं नाही. किलोमीटरला पैसे मिळायला लागले की रिकाम्या गाड्या धावतील, भारमानाची, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या याची, फिकीर कुणाला राहणार? मार्ग परिवहन महामंडळ कायदा १९५० चा आहे, त्याचं कलम २२ वाचा. महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर काम करावं असं त्यात स्पष्ट आहे. आणि सात-आठ माणसांसाठी एवढी मोठी गाडी का पाठवायची? वडापवाला, म्हणजे खासगी जीपमध्ये माणसं भरून नेणारा, तीच माणसं सरकारचा रुपया न घेता नेतो. त्याला रीतसर परवाना द्या, विमा तपासा, प्रश्न सुटला.

निळी_छत्री
नाही सुटला. मी माध्यमिक शाळेत शिकवते. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, आमची पहिली घंटा मात्र ठरल्या वेळेला होते. एसटीत विद्यार्थ्याला पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. वडापवाला पास घेतो का? सरकारच्या मानव विकास योजनेतून शाळकरी मुलींसाठी सुटणाऱ्या एसटीच्या निळ्या गाडीतून मुली येतात, त्यांना पैसेच पडत नाहीत. पावसाळ्यात ती दारात थांबली की आधी दप्तरं आत येतात, मग भिजलेल्या वेण्या, आणि हजेरीच्या आत सगळ्या बाकावर बसलेल्या असतात. ज्या गावाहून गाडी नाही, तिथल्या मुली दहावीनंतर दिसेनाशा होतात. हे मी माझ्या हजेरीपटावर पाहिलंय, त्यामुळे "सात-आठ माणसं" हा शब्द मला टोचला.

आगाराजवळचा
आधी तिकिटावरचा साडेसतरा टक्के प्रवासी कर काढा. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, मग तोटा झाला म्हणून ओरडायचं! खरं तर २०२१-२२ च्या एसटी संपाच्या वेळी महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण झालं असतं तर ही वेळच आली नसती.

हिशोबनीस
कराबाबत पूर्ण सहमत. विलीनीकरणाला मात्र त्रिसदस्यीय समितीने नकार दिला होता आणि तो अहवाल २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळात मांडला गेला. तो विषय संपला.

निळी छत्री ताई, शब्द मागे घेतो. मुद्दा मात्र सोडत नाही.

दोन_नंबर_फलाट
पुण्यात पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, संचलन तूट (गाड्या चालवण्यातला तोटा) पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के उचलते. निदान कुणी द्यायचं हे तरी ठरलेलं आहे. एसटीबाबत तेवढंही बांधलेलं नाही, अधिवेशनात पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा तरतुदीची, वाट बघायची.

हिशोबनीस
तूट भरून देणं हाच तर रोग आहे. जितकी तूट मोठी तितका धनादेश मोठा, मग काटकसर कोण करील?

मुक्कामी_गाडी
म्हणूनच मी तूट म्हणालो नाही, फेरी म्हणालो. दर आधीच ठरवायचा. गाडी वेळेत शेवटच्या थांब्यापर्यंत गेली तर पैसे, रद्द झाली तर कापायचे. खर्च दराच्या वर गेला तर ते महामंडळाने सोसायचं. तुमचं व्यापारी तत्त्व इथेच लागू होतं: सरकार हे गिऱ्हाईक, एसटी सेवा विकणारी. रिकाम्या गाडीची भीती रास्त आहे. त्यासाठी कुठल्या फेऱ्या विकत घ्यायच्या ती यादी दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवा, म्हणजे आमदाराला आपल्या तालुक्याची फेरी का गळली हे सभागृहात विचारता येईल. आज तो फार तर आगारप्रमुखाला फोन करतो.

निळी_छत्री
आणि यादी करताना शाळेच्या वेळा विचारा. सकाळी सोडणारी गाडी आहे पण संध्याकाळी आणणारी नाही, तर घरचे सकाळीही पाठवत नाहीत. जाणं आणि येणं मिळून एक फेरी धरा.

हिशोबनीस
जाणं-येणं एकत्र धरणं योग्यच. तरीही दराचं काय? आंबा घाटात चढणारी गाडी आणि लातूरच्या सपाटीवरची गाडी एकाच लिटरमध्ये सारखं अंतर कापत नाही. एकच दर लावलात तर डोंगरातल्या फेऱ्या सगळ्यात आधी बुडतील, म्हणजे ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच उपाशी. आणि वेगवेगळे दर लावलेत तर प्रत्येक आगार आपला घाट उंच दाखवील. आगारवार डिझेल, टायर आणि पगाराचा खर्च समितीने आधी मागवावा. ते आकडे समोर येईपर्यंत माझं मत विरोधातच धरा.