मदत हवी आहे : वूट्झ पोलादावरची नक्षी नेमकी कशामुळे?

नमस्कार मंडळी, दक्षिण भारतातल्या जुन्या, मुशीत (धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात) बनणाऱ्या वूट्झ पोलादाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

कृती साधारण कळली. भाताचं तूस मिसळलेल्या मातीची मूस, आत लोखंडाचे तुकडे, थोडं लाकूड, तरवडाची पानं, वर मातीचं झाकण. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण कार्बन मुरत जातो तसा वितळणबिंदू उतरतो, म्हणून कोळशाच्या भट्टीत काम भागायचं. शेवटी दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला गोळा हाती येई. तेलंगणातलं कोनसमुद्रम यासाठी नावाजलेलं होतं. इथवर ठीक.

आता अडचण. या पोलादाच्या पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीचं श्रेय काही अभ्यासक धातुकातल्या (खनिजातल्या) किंचितशा व्हॅनेडियम या धातूला देतात, म्हणजे लोहाराच्या नकळत झालेलं मिश्रधातूकरण! (मला हे पटतं, पण पूर्ण नाही.) दुसरीकडे, मूस भट्टीतच सावकाश थंड करण्यावर आणि मंद लाल आचेवर ठोकण्यावरही भर दिसतो. पांढऱ्या आचेवर ठोकलं तर हे पोलाद चक्क भुगा होतं.

मग व्हॅनेडियम नसलेल्या गोळ्यावर नुसत्या मंद आचेने नक्षी उमटेल का? आणि सावकाश थंड करणं नक्षीसाठी, की गोळा तडकू नये म्हणून? धातुशास्त्रातल्या किंवा स्वतः पाती घडवणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो असतील तर तेही टाका.