सासूबाईंची गिनी, वर कडी लावलेली. अस्सल कशी ओळखू? (सल्ला हवा)

सातारची_सून
सासूबाईंनी गिनी (इंग्रजांच्या काळातलं सोन्याचं नाणं) दिली. पंचम जॉर्ज, १९१८. मोहनमाळेत पदकासारखी होती म्हणून वर सोन्याची कडी डाग देऊन बसवली आहे. कडीसकट ८.३ ग्रॅम. राजाची दाढी आणि घोड्याचा पुढचा पाय घासून गुळगुळीत. खरी आहे का, दुर्मिळ आहे का, मोडीपेक्षा जास्त मिळेल का? तपासायला हजाराच्या वर घालवायचे नाहीत.

नाणेवेडा
सरळ अमेरिकेला ग्रेडिंगला (नाण्याचा दर्जा ठरवून घ्यायला) पाठवा. माझी १८४१ची ईस्ट इंडिया कंपनीची सोन्याची मोहर (मागे सिंह आणि ताडाचं झाड, एक तोळ्याची!) मी अशीच डबीबंद करून घेतली. थोडा खर्च येतो, पण चीज होतं.

सातारची_सून
थोडा म्हणजे किती? हजारात?

नाणेवेडा
सोन्यात हजार-दोन हजार बघायचे नसतात हो.

वकील_काका
आणि कायदा? १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं नाणं येतं. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

ठाणेकर_मंदार
आधी स्वच्छ करा. चिंच किंवा टूथपेस्ट. आमच्या आईची गिनी आरशासारखी चमकली.

जुना_सराफकट्टा
मंदार, कृपा करा! टूथपेस्टने बारीक ओरखडे उठतात. नाणं घेणारा भिंगाखाली आधी तेच बघतो.

सूनबाई, भिंग घ्या. मागच्या बाजूला सालाच्या बरोबर वर, घोड्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर मधोमध बारीक अक्षर आहे का? मुंबई टांकसाळीचं असेल तर उभी दांडी, म्हणजे इंग्रजी 'आय'. पी म्हणजे पर्थ, एम मेलबर्न, एस सिडनी, सी कॅनडातलं ओटावा. अक्षरच नसेल तर गडबड आहे, कारण १९१८ साली लंडनने एकही गिनी पाडली नाही. आणि बनावट गिन्या बाजारात भरपूर आहेत.

नाणेवेडा
'आय' म्हणजे इंग्लंड.

जुना_सराफकट्टा
इंडिया, साहेब. लंडनच्या गिनीवर अक्षर नसतं, आत्ताच लिहिलं.

ठाणेकर_मंदार
मग मुंबईची असेल तर दुर्मिळ ना? लाखो रुपये?

जुना_सराफकट्टा
त्या साली मुंबईत तेरा लाखांच्या आसपास पडल्या. दुर्मिळ नाही. त्यात कडीचा डाग म्हणजे संग्राहक तोंड वाकडं करणार. भाव सोन्याचाच धरा.

पुण्यपत्तन
आमच्या आजोबांकडे शिवाजी महाराजांचा होन (सोन्याचं नाणं) होता. विकला. आजही हळहळतो.

जुना_सराफकट्टा
तीन ग्रॅमच्या आत होता का? होनाच्या नकला इतक्या आहेत की मी आता कौतुकसुद्धा करत नाही.

पुण्यपत्तन
आमचा खराच होता.

वकील_काका
'जुनं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं, तिचं नाव वापरून फसवणूक चालली होती.

घरचा_ताजवा
कडीमुळे अस्सल गिनीच्या ७.९९ ग्रॅम वजनाशी ताडता येत नाही, पण कडी काढू नका. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. गिनी दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला, काठाला लागू द्यायची नाही. काटा ०.४७ ग्रॅमच्या आसपास (गिनीने सारलेल्या पाण्याचं वजन) दाखवायला हवा. ०.६ किंवा ०.८ दाखवला तर भेसळीची शंका घ्या. व्यास २२ मिमीच्या जरासा वर. काटा सातशेला मिळतो.

नाणेवेडा
स्वयंपाकघरात नाणी तपासता? मी तर म्हणतो अमेरिका.

सातारची_सून
काटा शेजारच्या मुलाकडून आणला. ०.४७! एकदा दोरा काठाला चिकटला तेव्हा ०.५८ आलं आणि घाबरले. 'आय' पण सापडलं, मोबाईलच्या उजेडात, घासलेल्या घोड्याच्या खाली. सराफाकडच्या यंत्रावर ९१.६ टक्के सोनं आलं, त्यानं पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "ताई, मोडू नका, भाव वाढतोय."

नाणेवेडा
मग आता तरी कडी काढून घ्या, निदान दिसेल तरी नीट.

ठाणेकर_मंदार
+१. कडी काढा. आणि थोडी चिंच.

सातारची_सून
कडी तशीच ठेवली. दुसऱ्या सराफाकडून मोहनमाळ ओवून आणली, आत जुनी गिनी. रविवारी हळदीकुंकवाला घालणार आहे. सासूबाई म्हणाल्या, दाढी घासली ती माझ्याच गळ्यात.

नाणेवेडा
संग्रहाच्या दृष्टीने गिनी वाया गेली.

नवा_सदस्य_४१२
नमस्कार, माझ्याकडे १८३५चा तांब्याचा पाव आणा आहे. किती येतील?