चावा नीट असताना चार चांगल्या उपदाढा काढायच्या का?

विश्रामबागची आई

आमची मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. वरचे पटाशीचे दात जरा पुढे आहेत, खालचे दाटीवाटीने बसलेत. इथे सांगलीतच एके ठिकाणी दाखवलं. दातांचे साचे घेतले, चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी त्यावर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक रेघ मारून दाखवली. म्हणाले, "ओठ रेघेच्या पुढे येतात. चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या मागचे आणि दाढांच्या पुढचे दात, काढू, बाकीचे मागे घेऊ, चेहरा छान दिसेल." चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, कसा आहे, विचारलं. दाढा अगदी नीट बसतात, त्याची काळजी नको, म्हणाले. एवढं बोलणं सात मिनिटांत आटपलं.

पोरीने रिक्षात बसल्या बसल्या माझा मोबाइल घेतला आणि कॅमेऱ्यात बाजूने स्वतःचे ओठ बघत राहिली. आता हसताना तोंडावर हात धरते. आधी धरत नव्हती.

चावायला, बोलायला, दात घासायला त्रास असेल तर काढा दात, लावा तारा, मी कर्ज काढून लावीन. पण ओठ एका रेघेच्या आत बसावेत म्हणून वाढत्या पोरीचे चार निरोगी दात काढायला माझं मन तयार नाही.

ही रेघ अमेरिकेतल्या रिकेट्स नावाच्या डॉक्टरांची. ती तिकडच्या गोऱ्या चेहऱ्यांवरून ठरली. आपल्याकडे ओठ भरलेले असतात. माझे आहेत, माझ्या आईचे होते. आमच्या तीन पिढ्या त्या रेघेबाहेरच आहेत म्हणायच्या! शिवाय या वयात नाक आणि हनुवटी अजून वाढायची असते. ती वाढली की तेच ओठ आपोआप मागे गेल्यासारखे दिसतात. मग घाई कशाची?

तज्ज्ञांचं तरी कुठे एकमत आहे? चाव्याचे तीन वर्ग १८९९ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी मांडले, ते आजही शिकवतात. ते म्हणायचे, निसर्गाने दिलेला एकही दात काढू नका. त्यांच्याच काळातले दंतवैद्य केल्विन केस म्हणायचे, काही रुग्णांत काढावेच लागतात. १९११ साली यावरून मोठा वाद झाला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड दात काढायच्या बाजूला गेले. शंभर वर्षं वाद घातलेल्या प्रश्नावर माझा होकार सात मिनिटांत का मागायचा?

साताऱ्याची सून

ताई, तुमची काळजी समजते. पण 'छान दिसण्यासाठी' हे तुम्ही ज्या सुरात लिहिलंय, तो सूर मला टोचला.

माझे दात पुढे होते. शाळेत मला 'खवणी' म्हणायचे. घरी सगळे म्हणायचे, चावता येतंय ना, मग झालं. दाखवण्याच्या कार्यक्रमात एका बाईंनी माझ्यासमोरच माझ्या आईला विचारलं, "हे दात लहानपणीच का नाही बघितले?" आईने मान खाली घातली. माझ्या दातांपायी आईला मान खाली घालावी लागली, हे मी अजून विसरलेली नाही.

२७ व्या वर्षी स्वतःच्या पगारातून तारा लावल्या. चार उपदाढा काढल्या. तार आवळली की दोन दिवस भडंगातला कुरमुरासुद्धा दाढेखाली खडा आल्यासारखा लागायचा. सव्वादोन वर्षं गेली. पण नणंदेच्या हळदीत कुणीतरी फोटो काढला, त्यात मी तोंड भरून हसतेय आणि हात खालीच आहे. तो फोटो आईने देवघराशेजारी लावलाय.

चावा आला म्हणजे सगळं आलं, असं नसतं. दिवसातून तीनदा जेवतो, पण माणसांसमोर दिवसभर उभं राहावं लागतं. मुलीसाठी हे १३ व्या वर्षी होत असेल तर मी तरी थांबले नसते.

उसाचा फड

आमच्या पोराचं वरलं दात चांगलं पुढं हुतं. शाळेतल्या शिबिरात डॉक्टर म्हणालं, दाखवून घ्या. आमी म्हटलं, मोठा झाल्यावर बघू. सातवीत असताना ट्रॉलीवर चढताना पाय घसरला आन् तोंडावर पडला. पुढचा एक दात निम्मा मोडला. रूट कॅनल झालं, टोपी बसवली. नंतर डॉक्टरनं सांगितलं, वरलं दात खालच्यापेक्षा तीन मिलिमीटरच्या वर पुढं असलं की पडल्यावर मोडायचा धोका दुपटीवर जातो. ताई, दिसण्याचं सोडा, पण आदी मोजून घ्या किती पुढं हायत. थांबायचं का न्हाई त्याच्यावर ठरवा.

मिरजेची दंतवैद्य

मी तारा लावण्याचंच काम करते, त्यामुळे मूळ लेखाशी असहमती आधीच सांगते.

ताई, रेघेबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. चेहरा कुठल्या माणसांचा आहे हे पाहूनच ती रेघ वाचायची असते, आणि तेवढ्यावरून कुणी दात काढू नयेत. ओठांपेक्षा मोठा प्रश्न जागेचा असतो. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते. खालच्या दातांत दाटी बरीच असेल आणि जागा न करता त्यांना ओळीत बसवलं, तर ते बाहेरच्या बाजूला, हाडाच्या कडेवर जातात. हिरडी पातळ असेल तर पुढे ती उतरते. ट्वीड यांना हेच दिसलं होतं. दात न काढता केलेले त्यांचे रुग्ण परत बिघडून आले किंवा तोंड पुढे आलेले राहिले, म्हणून त्यांनी त्यांच्यावर दात काढून पुन्हा उपचार केले. गुरूचं मत त्यांनी अनुभवावरून सोडलं.

दात काढले की तोंड बसतं, हसू अरुंद होतं, ही भीती मी रोज ऐकते. दात काढावेत की नाही असा दोन्हीकडे झुकणारा प्रश्न असलेल्या रुग्णांची १९९२ मध्ये तुलना झाली. अनेक वर्षांनंतर दात काढलेल्या आणि न काढलेल्या गटांच्या ओठांत फरक होता सुमारे दोन मिलिमीटरचा. १९९५ मध्ये चार उपदाढा काढलेल्यांची आणि न काढलेल्यांची हसू तपासली, त्यात दात काढल्यामुळे हसू बिघडतं असं दिसलं नाही.

आता तुमची बाजू. सात मिनिटांचं बोलणं चूकच. आमच्या डोळ्यांना जे दिसतं ते घरच्यांना दिसेलच असं नाही. अमेरिकेत कोकिच आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मुद्दाम बदल केलेल्या हास्याची छायाचित्रं दाखवली. दातांची मधली रेषा चार मिलिमीटर सरकवली तेव्हा ते तारावाल्या डॉक्टरांनी पकडलं, इतर दंतवैद्यांना आणि सामान्य लोकांना तेवढ्यानेही जाणवलं नाही. म्हणून मी आधी पेशंटच्या हातात आरसा देते आणि विचारते, तुला काय खटकतं? उत्तर बरेचदा माझ्या यादीत नसतंच.

आणि दिसणं दुय्यम, हे शास्त्र म्हणत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने तारा कुणाला द्यायच्या, हे ठरवायला १९८९ मध्ये मांडलेलं जे मोजमाप वापरतात, त्यात दातांच्या आरोग्यासोबत दिसण्यासाठी दहा छायाचित्रांचा वेगळा भाग आहे.

तुम्ही घरी एवढं करा. ती टीव्ही बघत असताना, तिला न सांगता पाहा. ओठ सहज मिटलेले असतात का? मिटताना हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात का? पडत असतील तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही. तिचे ओठ दिवसभर ओढून धरलेले असतात.

निवृत्त मास्तर, कऱ्हाड

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो. मी चाळीशीत तारा लावल्या, दोन उपदाढा गेल्या. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वर्षभर घातला आणि ठेवून दिला. आज खालचे दात जवळजवळ पूर्वीइतकेच वाकडे आहेत. काढलेले दात मात्र परत आले नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल यांनी दात काढून उपचार केलेल्यांना रिटेनर सुटल्यावर २० वर्षांपर्यंत तपासलं. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिले ते जेमतेम १० टक्क्यांचे. दात काढताना हा आकडा कुणी मला सांगितला असता तर मी निर्णय वेगळा घेतला असता. विश्रामबागच्या ताईंचं 'घाई कशाची' हे शंभर टक्के बरोबर आहे.

मिरजेची दंतवैद्य

मास्तर, आकडा बरोबर आहे आणि तो सांगायलाच हवा होता. पण दात न काढताही खालचे दात वयाबरोबर सरकतातच, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचेसुद्धा. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते, रात्रीचा रिटेनर आयुष्यभराचा. हे ऐकून काही जण उठून जातात. गेलेले चालतात.

विश्रामबागची आई

सगळ्यांचं दोनदा वाचलं. डॉक्टर मॅडम, चार संध्याकाळ पाहिलं. टीव्ही बघताना तिचे ओठ सहज मिटलेले असतात. हनुवटीवर खड्डे नाहीत. पुढचे दात किती पुढे आहेत ते साच्यावर मोजून मागितलं, साडेतीन मिलिमीटर निघाले. म्हणजे उसाच्या फडाचे दादा म्हणतात त्या रेषेच्या जरा पलीकडे. दाटी किती, हे विचारायचं राहिलं.

काल भाजी निवडताना आरसा तिच्या हातात दिला आणि विचारलं, काय खटकतं? बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "खालचा हा एक आडवा दात. ओठ मला आवडतात, आजीसारखे आहेत."

मिरजेची दंतवैद्य

मग पुढच्या ठिकाणी पहिला प्रश्न दाटी किती मिलिमीटर, हाच विचारा. दाटी थोडी असेल तर दातांच्या कडा किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत घासूनही जागा मिळते. जास्त असेल तर उपदाढांचा विषय परत निघेल, आणि तेव्हा तो जागेसाठी निघालेला असेल.

साताऱ्याची सून

ताई, तिला तिचे ओठ आवडतात हे वाचून खरंच बरं वाटलं. पण एक विचारते. ती म्हणाली असती की ओठ आवडत नाहीत, तर तुम्ही ऐकलं असतंत?

विश्रामबागची आई

रात्रभर तुमचा प्रश्न डोक्यात होता. नसतं ऐकलं. समजूत काढत बसले असते.

बुधवारी मिरजेत दुसऱ्या ठिकाणी दाखवतोय. साचे आणि एक्स-रे मागून घेतलेत. प्रश्न तिने स्वतः वहीत लिहिलेत, तीच विचारणार आहे. मी बाहेर बसणार आहे.