सहा वर्षं कंबर आणि ओटीपोट दुखतंय, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आता नक्की कुठे शोधायचं?

रातराणी_सांगली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. वय ३४, मुलगा ७ वर्षांचा, शाळेत शिकवते म्हणजे रोज पाच तास उभं राहणं आलंच. बाळंतपणानंतर वर्षभराने कंबर दुखायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं होतं ना त्याचं आहे, होईल कमी. झालं नाही. माकडहाडाच्या जरा वर, उजवीकडे जास्त, आणि तिथून ओटीपोटात आणि मांडीच्या आतल्या बाजूला उतरतं.
हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय केला, एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या गादीला, थोडा बल्ज (फुगवटा) आला, म्हणाले गादी सरकलीय. मग बेल्ट, ट्रॅक्शन, वीस दिवस फिजिओ. नंतर बायकांच्या डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल. मग बी-१२ आणि डी कमी म्हणून इंजेक्शनं, ती पण झाली. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल बंद करून सांगितलं टेन्शन घेऊ नका. रोज रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपते, पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेत आता. सासूबाई आणि नणंद म्हणतात एक मूल झालंय, गर्भाशयाची पिशवी काढून टाक, मोकळी हो. खरं सांगू का, मलाही कधीकधी तेच वाटायला लागलंय. कुणाला असं होतं का, शेवटी कारण काय निघालं?

घाटावरची
अगं तुझं वाचताना माझीच फाइल वाचतेय असं वाटलं. माझं निदान व्हायला नऊ वर्षं गेली, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखाच थर बाहेर वाढतो, अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयाला मागून धरणाऱ्या बंधांवर, आणि हे बंध जातात थेट माकडहाडाकडे म्हणून कंबर दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १०% बायकांना हे असतं, तरी आपल्याकडे पाळीत दुखणारच म्हणून सोडून देतात.
सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे नाहीच असं अजिबात नाही. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयात जुनं रक्त साठून झालेली गाठ, असेल तर दिसते, पण बारीक ठिपके नेहमीच्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत, खोलवरचं दिसायला आतून केलेली आणि त्यातली सवय असलेल्या माणसाने केलेली सोनोग्राफी लागते नाहीतर पेल्विसचा म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय. तुझा झालाय तो कमरेच्या मणक्याचा, तो वेगळा. आणि बल्जचं मनावर घेऊ नकोस, पाठ कधीच न दुखलेल्या तिशीतल्या लोकांच्या एमआरआयमध्येही बल्ज निघतो. सीए-१२५ ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणूनही विषय संपत नाही.
मला सांग, पाळीच्या आधी वाढतं का? पाळीच्या दिवसांत संडासला बसल्यावर कळ येते का? संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का? हे मला नऊ वर्षांत एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं, आणि लाजेपायी मीही सांगितलं नाही.

सह्याद्री_७८
ताई मी पुरुष आहे पण कंबरेचं सांगतो. माझ्या बहिणीला पण असंच स्लिप डिस्क म्हणून चार वर्षं फिरवलं, निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. तिला पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची, सकाळी उठल्यावर तासभर अंग लाकडासारखं आणि घरातली कामं सुरू केली की मोकळं व्हायचं, झोपून राहिलं की उलट वाढायचं. दुखायचं कुल्ल्यात, कधी या बाजूला कधी त्या. मध्ये एकदा डोळा लाल होऊन दुखला त्याचा कुणी संबंधच लावला नाही. असं काही असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा म्हणजे र्‍हुमॅटॉलॉजिस्ट, ते एसआय जॉइंटचा, म्हणजे मणका आणि कुल्ल्याचं हाड जुळतं त्या सांध्याचा, एमआरआय सांगतात, साधा एक्स-रे बरीच वर्षं नॉर्मल येऊ शकतो. एचएलए बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच आजार आहे असं नसतं आणि निगेटिव्ह म्हणून नाही असंही नसतं. पुरुषांचाच आजार समजतात म्हणून बायकांचं निदान अजून लांबतं.

कोरडवाहू_बीड
मी आशा ताई म्हणून काम करते. पिशवी काढण्याचं वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाहणी झाली त्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, एवढ्यावर. माझ्या जावेची ३१व्या वर्षी काढली, अंडाशयासकट, कंबर आजही दुखते आणि वर अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ झाली. आजार पिशवीच्या बाहेर असेल तर पिशवी काढून जाणार कसा? कारण कळल्याशिवाय हात लावू देऊ नका हो ताई.

माकडहाड
फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्यांचं बरोबर आहे, एक भर घालते. कारण काहीही असो, वर्षानुवर्षं दुखून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आकसून बसतात आणि मग तेच दुखायला लागतात, त्यामुळे यूट्यूब बघून आवळण्याचे व्यायाम करू नका, आधी सैल करायला शिकावं लागतं. मणक्यातल्या इंजेक्शनने वर्षानुवर्षं कंबर दुखत नाही, ते डोक्यातून काढा. दिवसभर उभं राहून संध्याकाळी जडपणा वाढत असेल आणि आडवं झाल्यावर उतरत असेल तर ओटीपोटातल्या फुगलेल्या शिरांचाही विचार होतो, त्याला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लागते. बारीक ताप, वजन उतरणं असेल तर टीबी तपासायला सांगा, आपल्याकडे तो विसरून चालत नाही. पण जांघेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेना झाली, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर ढकलू नका.
आता एक वही करा. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं दहापैकी किती, कुठे, सकाळी किती मिनिटं आखडलेलं, संडास-लघवीला त्रास. दोन पाळ्या जाऊ द्यात.

रातराणी_सांगली
दोन महिन्यांनी येतेय, वही केली. मुलाची जुनी चौरेघी होती त्यातच. सकाळी आखडणं पाच-दहा मिनिटांच्या वर एकदाही नाही. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत ८-९, चौदाव्या दिवसाच्या आसपास ६, बाकी २-३. संडासची कळ फक्त पाळीतच. सहा वर्षं रोजच दुखतंय असं सांगत होते, लिहिल्यावर कळलं रोज दुखतं पण सारखं दुखत नाही.
नवीन डॉक्टरांनी वहीची पानं उलटून बघितली, मग आतून तपासताना गर्भाशयाच्या मागे एका जागी दाबलं आणि विचारलं हेच का? तेच होतं हो, अगदी तेच, मला तिथेच रडू आलं. एंडोमेट्रिओसिसच वाटतंय म्हणाल्या, पेल्विसचा एमआरआय गुरुवारी आहे, तोवर डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम ही हार्मोनची गोळी सुरू केलीय. पिशवीचं विचारलं तर म्हणाल्या आत्ता तो विषयच नाही, हे मिस्टरांसमोर सांगितलं ते फार बरं झालं. घाटावरची, तुला ही गोळी होती का? नवव्या दिवसापासून थोडं थोडं डाग लागतंय, हे चालतं का आणि किती दिवस?

घाटावरची
हो गं, मला पहिले तीन महिने असंच कमीजास्त लागत होतं, मग थांबलं. पॅड भरून जायला लागलं तर मात्र लगेच फोन कर त्यांना. आणि गुरुवारी वही सोबत ने, रेडिऑलॉजिस्टला दाखव नक्की कुठे दुखतं ते.