मुलगा हवा तर खारे शेंगदाणे, मुलगी हवी तर पनीर: हा तक्ता अजून किती वर्षं फिरणार?

खवट_खोबरं
परवा इथे कुणीतरी "निवड तुमच्या ताटात" नावाचा तक्ता टाकला. मुलगा हवा असेल तर दिवस राहण्याआधी दोन-अडीच महिने बाईने खारे शेंगदाणे, केळी, बटाटा, मटण खायचं आणि दूध-दही बंद. मुलगी हवी असेल तर दूध, पनीर, बदाम आणि मीठ अगदी बेताचं. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. गप्प बसणार होते. पण हाच तक्ता माझ्या चुलतबहिणीच्या फ्रिजवर चिकटवलेला पाहिलाय. तिचं बीपी आधीच वर असतं आणि तिची जाऊ तिच्या ताटात लोणचं वाढतेय, का तर "सोडियम कमी पडायला नको".

हे काही आजीच्या बटव्यातलं नाही हो. स्टोलकोव्स्की आणि लोरेन या दोघांनी १९८० मध्ये मांडलेली सोडियम-पोटॅशियम विरुद्ध कॅल्शियम-मॅग्नेशियमची कल्पना आहे ही. आपल्याकडे तिला गर्भसंस्काराचं लुगडं नेसवलंय, एवढंच. खारट खाल्लं म्हणून रक्तातलं सोडियम वाटेल तसं वर चढत नाही, मूत्रपिंडं ते सांभाळतात. ती थकलेली असली तर बाईचे हाल होतात, पण त्यानेही मुलगा होत नाही. एक्स-वायची आकृती काढून दहावीत सगळ्यांनी मार्क घेतलेत. वाय येतो बापाकडून, मग पथ्य बाईलाच का? तक्त्यात नवऱ्यासाठी एक ओळसुद्धा नाही.

निवांत_नगरकर
ताई, केवढा तो संताप. दूध-केळी खाऊन कुणाचं काय वाईट झालंय? आमच्या घरी दोन्ही वेळेस हे पथ्य केलं, दोन्ही वेळेस मुलगा. तुमच्या पुस्तकापेक्षा मला माझा अनुभव मोठा आहे.

बीजगणित
नगरकर, काहीही न खाता दोन्ही वेळेस मुलगा होण्याची शक्यता चारात एक आहे. शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे निसर्गतःच जन्मतात, म्हणजे किंचित जास्तच. हा धंदा बुडत नाही तो यामुळेच. "मुलगा झाला नाही तर फी परत" म्हणायचं, जवळजवळ अर्ध्यांना इमानदारीत परत करायची आणि उरलेली खिशात घालायची. वर नावही "प्रामाणिक माणूस" म्हणून. ज्यांना मुलगी झाली ते इथे येऊन "आमचा तक्ता फसला" असं लिहीत नाहीत, कारण पाळण्यातल्या पोरीसमोर तसं लिहिणार कोण.

पेशीकेंद्र
तक्त्याची बाजू घेत नाहीये, आधीच सांगतो. पण "आहाराचा काडीमात्र संबंध नाही" हेही तितक्याच ठामपणे म्हणता येत नाही. २००८ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या फिओना मॅथ्यूज यांनी ब्रिटनमधल्या ७४० पहिलटकरणींचा आहार तपासला. गर्भधारणेच्या सुमारास सर्वांत जास्त उष्मांक घेणाऱ्या गटात ५६ टक्के मुलगे, सर्वांत कमी घेणाऱ्या गटात ४५ टक्के. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलंय, व्हॉट्सॲपवर नाही. उंदरांवरही २००३ मध्ये काम झालंय: चरबीयुक्त खाणं दिलेल्या माद्यांना नर जास्त झाले. आणि ट्रिव्हर्स-विलार्ड यांचं गृहीतक तर १९७३ चं. आई धडधाकट असेल तर नर जास्त, हलाखीत असेल तर माद्या. ज्यांना "विज्ञान, विज्ञान" करायचंय त्यांनी सगळं विज्ञान वाचावं.

बीजगणित
सगळं वाचावं ना, मग पुढच्याच वर्षीचं का नाही वाचलंत? २००९ मध्ये त्याच नियतकालिकात स्टॅनली यंग आणि सहकाऱ्यांनी त्या आकड्यांची सालं काढली. बायांना १३० च्या वर पदार्थांबद्दल विचारलं होतं. इतक्या पदार्थांची मुलगा-मुलगीशी सांगड घालायला बसलं की निव्वळ योगायोगाने काही ना काही "सापडणारच". तिथे सापडलं ते न्याहारीचं सीरियल, कॉर्नफ्लेक्ससारखं. आपल्याकडे हाच अभ्यास झाला असता तर कांदेपोह्याने मुलगा होतो असं निघालं असतं आणि पोह्याच्या गाड्यांवर पाट्या लागल्या असत्या.

पेशीकेंद्र
मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिलं होतं, ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि चीनचं काय? १९५९ ते ६१ च्या महादुष्काळात तिथे मुलग्यांच्या जन्मांचं प्रमाण घसरलं आणि काही वर्षांनी परत वर आलं, असं दाखवणारा अभ्यास २०१२ चा आहे.

खवट_खोबरं
आणि हॉलंड? १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी रसद तोडली, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खात होती. त्या काळातल्या जन्मांवरचा २००४ चा अभ्यास म्हणतो की मुलींचं प्रमाण वाढलं नाही. दोन दुष्काळ, दोन उत्तरं.

बरं, चीनचं खरं धरू. उपासमारीत मुलग्यांचे गर्भ जास्त गळतात, असा त्याचा एक अर्थ लावतात. म्हणजे खाण्याने मुलगी "होत" नाही, राहिलेला मुलगा टिकत नाही. हे तक्त्याच्या खाली छापणार का? "मुलगी हवी? उपाशी राहा."

पेशीकेंद्र
हे मान्य. लाखो जन्मांत एखाद्या टक्क्याचा फरक आणि एका घरातला पाळणा यांचा संबंध नाही, एवढं मान्य. पण तुमचा सूर असा असतो की माणूस मान्य करायलाही घाबरतो.

काढा_चूर्ण
धाग्यात आयुर्वेदावर घसरण्याआधी एक. चरकाच्या शारीरस्थानात पुंसवन (मुलगा व्हावा म्हणूनचा विधी) आहे ते गर्भ राहिल्यावर करायचं, आधी नाही. वडाचे कोंब, दही, उडीद किंवा पांढऱ्या मोहरीचे दोन दाणे, पुष्य नक्षत्र. त्याचा या शेंगदाणे-तक्त्याशी काहीही संबंध नाही. गर्भ सुदृढ राहावा हाही त्यातला हेतू आहे. आम्ही वैद्य सकाळपासून रात्रीपर्यंत पित्त आणि मूळव्याध बघतो, पण जो उठतो तो आम्हालाच धरतो.

बीजगणित
वैद्यराज, गर्भ राहिल्यावर वडाच्या कोंबाने काय, एक्सचा वाय होतो?

काढा_चूर्ण
मी तसं म्हटलंय का? वाचता येतं ना? शिवलिंगीचं बी "मुलगा होण्याचं औषध" म्हणून विकणाऱ्यांना सर्वांत आधी शिव्या आम्ही घालतो. हरियाणात अशा पुड्यांचा जन्मजात व्यंगांशी संबंध दिसलाय. पण त्या विकणारा भोंदू आणि पाच वर्षं घासून बीएएमएस झालेला माणूस तुम्हाला एकच दिसतो.

दोन_पोरांची_आई
सगळे मुलाच्याच हव्यासावर बोलताय. मला दोन मुलगे आहेत, आता मुलगी हवी आहे. मी मीठ कमी करून दूध प्यायलं तर तुमचं काय गेलं? मुलगी मागणारी बाईसुद्धा गुन्हेगार का?

कलमबहाद्दर
तुम्ही दूध पिण्यात गुन्हा नाही, खुशाल प्या. गुन्हा तो तक्ता "मुलगी होण्यासाठी" म्हणून देण्यात आणि पसरवण्यात असू शकतो. गर्भलिंगनिवड रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, गर्भधारणेपूर्वीची निवड त्यात २००३ च्या दुरुस्तीने आली. विशिष्ट लिंगाच्या गर्भाची शक्यता वाढवण्यासाठी कुठलीही गोष्ट देणं किंवा सुचवणं हे लिंगनिवडीच्या व्याख्येत बसतं. कलम २२ जाहिरातीबद्दल आहे, मार्ग शास्त्रीय असो वा नसो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मुलगा-मुलगी असा भेद कायदा करत नाही. सम तारखेला मुलगा, विषम तारखेला मुलगी असं सांगणाऱ्या कीर्तनावरून खटला झाला तो याच कायद्याखाली, विसरलात का?

दोन_पोरांची_आई
कायदा वाचून दाखवायची हौस असेल तर सोनोग्राफीवाल्यांना दाखवा. माझ्या दोन्ही डोहाळजेवणांत झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे होतं कलम २२?

प्राजक्त_ठाणे
हे बरं काढलंत. तो वाट्यांचा खेळ बंदच करायला हवा. माझ्या वेळेस बर्फी निघाली तर मामेसासू म्हणाल्या, "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी." असू दे?! सात महिन्यांची बाई समोर बसलीय आणि तुम्ही तिचं सांत्वन करताय!

निवांत_नगरकर
आता डोहाळजेवणही बंद करा. मंगळागौर कधी बंद करायची तेवढं सांगून ठेवा. अहो खेळ आहे तो, गंमत असते. पेढा निघालेल्यांना मुली झाल्याच ना?

प्राजक्त_ठाणे
गंमत असती तर दोन्ही वाट्यांना सारखीच टाळी पडली असती.

सोलापुरी_चादर
डोहाळजेवण राहू द्या, दवाखान्यातलं सांगतो. मुलगी झाली तेव्हा आयाबाईंना बक्षिशी म्हणून पाचशे काढले तर त्याच म्हणाल्या, "मुलीचे दोनशेच द्या साहेब, मुलाचे पाचशे घेतो." रेट ठरलेला! शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मुलगा झाला होता, तो पाचशेवर घासाघीस करत होता. मी पाचशेच दिले आणि गावात पेढे वाटले. चुलते फोनवर "अभिनंदन, वंशाला दिवा" म्हणून मोकळे. मुलगी झाली सांगितल्यावर पलीकडे दोन सेकंद आवाज नाही, मग "मग पेढे कशाला वाटलेस?"

काढा_चूर्ण
आमच्याकडे मुलगी झाली की जिलेबी. पेढा-बर्फी हे पुण्यामुंबईचं खूळ.

सोलापुरी_चादर
जिलेबी म्हणजे तेच की. वेगळं काढलं म्हणजे झालंच.

निवांत_नगरकर
बर्फी पेढ्यापेक्षा कमी प्रतीची कुणी ठरवली? आमच्याकडे तर काजूची बर्फी पेढ्याहून महाग मिळते. उलट मुलीचा मानच जास्त. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो.

प्राजक्त_ठाणे
मग तुमच्या दोन्ही मुलांच्या वेळेस महागडी बर्फी का नाही वाटलीत?

निवांत_नगरकर
कारण पेढेच वाटतात. उगाच शब्दात पकडू नका.

कलमबहाद्दर
सगळे मिठाईच्या दुकानात घुसलेत, म्हणून आकडे टाकतो. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८९४ वरून ८०७. हे शेंगदाण्यांनी झालेलं नाही.

दोन_पोरांची_आई
हेच तर म्हणतेय मी! शेंगदाण्यांनी काही होत नाही असं तुम्हीच म्हणता, मग तक्त्यावर एवढं रान का उठवता? निरुपद्रवी आहे तर असू द्या.

खवट_खोबरं
कारण तक्ता फसल्यावर तोच माणूस पुढचा पत्ता सांगतो. आणि फसला की खापर फुटतं बाईवर: "तू पथ्य नीट पाळलं नाहीस, चोरून दही खाल्लंस." माझ्या सख्ख्या मावशीला तिसरी मुलगी झाल्यावर हेच ऐकवलं होतं, दह्याच्या जागी ताक होतं इतकंच. नवऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू काय खाल्लंस. तुम्ही मुलीसाठी दूध पिताय, प्या. पण मुलगा झाला तर घरात कुणी तुम्हाला पथ्याचा हिशेब मागणार नाही. मुलासाठी शेंगदाणे खाणारीला मागतात.

दोन_पोरांची_आई
एवढं एक वाक्य पटलं. बाकीचं नाही.

पेशीकेंद्र
नवऱ्यांच्या आहारावर शोधू का काही?

बीजगणित
नको. १३० पदार्थ विचारतील आणि मिसळ सापडेल.

निवांत_नगरकर
मिसळ कुठली पण? नगरची असेल तर मी आत्ताच मान्य करतो.

सोलापुरी_चादर
नगरकर, आधी बर्फीचं उत्तर द्या.